काटोल नाका ते पारडी

घरातून निघून काटोल नाक्याकडे वळलं की भाकर आणि पारडीकडे वळलं की भात, असं माझे सासरे म्हणायचे. नागपूरचा सगळा भूगोल त्यांनी एवढ्यात आटोपला होता आणि त्यात चूक काढायला मला अजून जमलेलं नाही. पश्चिमेला काळी जमीन. तिच्यात कपाशी, तूर, एके काळी ज्वारी, आणि पुढे काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागा. पूर्वेला कन्हान ओलांडून मौद्याच्या पुढे गेलं की धानाच्या बांध्या लागतात, मग वैनगंगा, मग तळीच तळी. हे दोन मुलूख जिथे शिवले आहेत, नेमकं त्या शिवणीवर आमचं गाव बसलं आहे.

माझं माहेर काटोलकडचं आणि सासर पवनीचं. म्हणजे ती शिवण आमच्या जेवायच्या टेबलावरूनही जाते. आई ‘डाय’ म्हणते, सासूबाई ‘डार’ म्हणतात, मी शाळेत शिकवली तशी ‘डाळ’ म्हणते आणि मुलगा कॉलनीत खेळून आला की ‘दाल’ मागतो. वरण मात्र सगळ्यांचं एकाच कुकरमध्ये शिजतं. (सासूबाईंनाही मी आईच म्हणते. इथे घोळ नको म्हणून सासूबाई.)

गेल्या संक्रांतीला दोघीही आमच्याकडे होत्या. आदल्या दिवशी मी सुगडं पुजायची तयारी करत बसले होते. ओला हरभरा, उसाचे करवे, बोरं, गाजराचे तुकडे, गव्हाच्या दोन ओंब्या, तीळ. मुलगा बारा वर्षांचा आहे. एकेक वस्तू उचलून पाहत तो म्हणाला, “हे सगळं कच्चंच कसं काय?” मी इतकी वर्षं सुगडं भरते आहे, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरंच कच्चं. गहू मार्चशिवाय घरात येत नाही, हरभरा फेब्रुवारीत. तुरीच्या शेंगा अजून हिरव्या. कापून, मळून घरात आलेलं फक्त धान. शहरातले आम्ही संक्रांतीला कापणीचा सण म्हणतो. आमच्याकडे तो खरं तर उभ्या पिकाची चव घेऊन बघायचा सण आहे.

तिथून डोक्यात आलं, की उद्याचा स्वयंपाक फक्त इथल्या वस्तूंचा करायचा. इथलं म्हणजे कुठपर्यंतचं, यावर रात्री बरीच चर्चा झाली. नकाशावर कंपासने वर्तुळ काढायची नवऱ्याची सूचना आईने उडवून लावली. तिचा नियम सोपा होता. “सकाळी जाऊन दिवे लागाच्या आत घरी येता आलं पायजे. माह्या बापाची बंडी तेवढीच जाये.” बंडीच्या जागी आम्ही गाडी घेतली आणि नियम मंजूर केला. मग एका दिवसात काही होणार नाही हे लक्षात आलं, म्हणून जेवण येत्या रविवारवर ढकललं. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, तर जेवणाला काय हरकत!

पहिली फजिती तिळाची. संक्रांतीचं जेवण आणि तीळ नाहीत, असं चालणारच नव्हतं. इतवारीत किराणा ओळीतल्या दुकानदाराने पांढरेशुभ्र तीळ पुढे केले. कुठले, विचारलं तर म्हणाला, “गुजरातचे, ताई. एक नंबर.” इकडचे नाहीत का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी इतवारीत समुद्र कुठे आहे विचारलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “तीळ का आता कोनी पेरते?” तिच्या लहानपणी ज्वारीत तिळाचे तास असायचे. वेगळं शेत नाही, वेगळा खर्च नाही. घरापुरते, लेकीबाळींना वाटण्यापुरते. ज्वारी गेली आणि तिच्याबरोबर ते तासही गेले.

ज्वारी का गेली हे मला आईइतकं नीट कोणी सांगितलेलं नाही. साठच्या दशकात हायब्रीड ज्वारी आली, उतारा वाढला. पण खरिपाची ती ज्वारी नेमकी परतीच्या पावसात सापडायची आणि कणसं काळी पडायची. काळ्या दाण्याला भाव नाही, भाकरीला चव नाही. मग सोयाबीन आलं. तीन-साडेतीन महिन्यांत पैसा, आणि त्याच रानात हरभरा घ्यायला मोकळीक. एकेकाने ज्वारी सोडली. शेवटी जो उरला त्याचे हाल झाले, कारण गावभर ज्वारी असते तेव्हा पाखरं सगळ्यांचं थोडं थोडं खातात आणि एकाचीच असते तेव्हा सगळी पाखरं त्याच्याकडे. त्यात रानडुकरं. मामाने शेवटची ज्वारी पेरली त्या वर्षी, आई म्हणते, त्याच्या हाती दाण्यापेक्षा कडबाच जास्त आला. मग बैलही विकले, कडबाही नको झाला.

तर असं हे. काटोल रोडने जाताना दोन्ही बाजूंना शेतंच शेतं आणि त्यातलं ताटात घ्यावं असं फारच थोडं. कापूस जिनिंगला जातो, सोयाबीन तेलाच्या कारखान्याला, संत्री ट्रकमध्ये बसून कुठल्या कुठे. मुलाने इथे मला कोंडीत पकडलं. “मग आपलं पिशवीतलं सोयाबीन तेल इथलंच झालं ना?” मी पिशवी उलटसुलट करून पाहिली. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. या पिशवीतलं सोयाबीन काटोलचं की सातासमुद्रापलीकडचं, हे पिशवीवर लिहिलेलं नव्हतं. पिशवी बाद केली.

ज्वारी अखेर मिळाली. आईच्या एका चुलतभावाने घरच्यासाठी दोन-चार ओळी ठेवल्या होत्या, त्याच्याकडून पाच किलो. त्याच्याच धुऱ्यावरून तुरीच्या हिरव्या शेंगा, हरभऱ्याचा कोवळा पाला आणि पिशवीभर सांबार. (पुण्याच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं सांबारही आम्ही खातो आणि दोन्हींत कधी गल्लत होत नाही.) संत्री त्याच्या शेजाऱ्याच्या बागेतली, आंबिया बहाराची अगदी शेवटची. या बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळं दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात. जून-जुलैतल्या फुलांचा तो मृग बहार, त्याची फळं अजून हिरवी होती. उरलेल्या आंबियाची साल सैल झालेली, ओबडधोबड. बाजारात कोणी हात लावणार नाही अशी, आणि म्हणूनच गोड.

पूर्वेची बाजू सासूबाईंनी सांभाळली. त्यांनी फोन केले. दोन दिवसांत पवनीहून येणाऱ्या एका भाच्याबरोबर तांदूळ, लाखोरीचा पाला, भिवापुरी मिरच्या आणि एका गुऱ्हाळातला काळसर, थोडा ओलसर गूळ आला. दुकानातल्या पिवळ्याधमक गुळाशेजारी तो अगदी गरीब दिसत होता. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातलं, उमरेडच्या पुढे. त्या बाजूला मिरचीच्या दिवसांत गेलात तर मोकळ्या मैदानात लाल गालिचे अंथरलेले दिसतात आणि त्यांच्या कडेला बसून बाया देठ खुडत असतात. तिथे गाडीची काच खाली केली की शिंका सुरू. या मिरचीला आता भौगोलिक मानांकन आहे, तसंच ते समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीलाही आहे. ती हळद आमच्या घरात आधीपासून असते, त्यामुळे त्या दोन वस्तूंपुरती मी निर्धास्त होते.

तांदूळ एचएमटी होता आणि नवा होता. या तांदळाची गोष्ट मी मुलाला सांगितली तेव्हा त्याला आधी खोटीच वाटली. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं छोटं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे, शाळा तिसरीपर्यंत, जमीन एक-दीड एकर. 1983 साली त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, दुसऱ्या वर्षी वेगळ्या पेरल्या, परत निवडल्या. बारीक दाण्याचा, भरपूर पिकणारा वाण तयार झाला. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, म्हणून धानाला नाव पडलं एचएमटी. पुढे त्यांनी आणखी कितीतरी वाण निवडून काढले. 2018च्या जूनमध्ये ते गेले. घड्याळाचा कारखाना त्यांच्याआधी बंद पडला आणि आज मुलांना एचएमटी म्हटलं की तांदूळच आठवतो. आपण ज्या माणसाच्या निवडीचं रोज खातो त्याचं नाव ठाऊक असणं फार क्वचित घडतं. ज्वारी पहिल्यांदा कोणी निवडली? हरभरा? काही पत्ता नाही.

रविवारी सकाळी सातला स्वयंपाकघरात आम्ही तिघी आणि एक यादी. गोळाभात, सोल्यांची वांगी घालून भाजी, भाकरी, सांबारवडी, हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा, लाखोरीची भाजी, जवसाची चटणी, शेवटी गूळपोळी. तीळ इतवारीतलेच घेतले. नियम मोडला. आई म्हणाली, “देवाले का नकाशा समजते?” आणि विषय संपला.

सोले निवडणं म्हणजे माणसाची परीक्षा. तुरीच्या ओल्या शेंगा सोलून दाणे काढायचे. नखं हिरवी-काळी होतात, तासभर सोलूनही वाटी भरत नाही. ते काम नवऱ्याला आणि मुलाला दिलं. गच्चीवर पतंगांचे “ओऽऽ काट!” अजून सुरूच होते, त्यामुळे मुलाची एक नजर शेंगेवर आणि एक आभाळात. थोडे सोले अख्खे ठेवले, बाकीचे तेलावर परतून लसूण, सांबार आणि हिरव्या मिरचीबरोबर जाडसर वाटले. पाट्यावर वाटायचा आग्रह आईने धरला नाही, मिक्सरला तिची काही हरकत नसते. पण वाटण गुळगुळीत झालं तर ती जेवत नाही. त्यात काटेरी वांग्यांच्या फोडी. हा रस्सा हिरवट, दाट आणि दिसायला काही फार देखणा नसतो. वासावर जा.

लाखोरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नागपुरातही पश्चिमेकडच्या घरांना ती माहीत नसते. धान कापायच्या थोडं आधी, बांधीत ओल असतानाच लाखोरीचं बी उभ्या धानात फेकतात. नांगरणी नाही, पाणी नाही. धान कापून झालं की खालून ही वर येते. पूर्वेकडची गरिबी या पिकावर निघाली. दुष्काळात मात्र लोक महिनोन्‌महिने तिच्याच डाळीवर राहायचे आणि त्यांचे पाय लुळे पडायचे. दाण्यात विषारी अंश असतो. म्हणून तिच्या विक्रीवर बंदीही होती. कोवळा पाला मात्र सासूबाईंच्या माहेरी हिवाळाभर खात. थोडा वाळवून पावसाळ्यासाठीही ठेवत. आई ही भाजी पहिल्यांदाच पाहत होती. “जनावराचं खानं दिसते,” ती माझ्या कानात म्हणाली. सासूबाईंना ऐकू गेलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, फक्त भाजीत लसूण दुप्पट केला.

आता गोळाभात. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा. त्यात तिखट, हळद, मीठ, जिरं, हिंग, कडकडीत तेलाचं मोहन, आणि गोळे वळण्यापुरतंच पाणी. भात अर्धा शिजला की गोळे त्यावर ठेवायचे, झाकण, मंद आच. वाढताना गोळा भातात कुस्करायचा आणि वरून मोहरी-हिंग-लाल मिरचीची फोडणी, तीही सढळ. विदर्भाच्या जेवणात तेल फार असतं असं बाहेरचे लोक म्हणतात. खरं आहे. कोरडा गोळा तेलावाचून घशाखाली उतरत नाही, हे त्यांनी एकदा करून बघावं. मला हा पदार्थ आवडतो तो आणखी एका कारणाने. धानाच्या मुलखाचा भात आणि काळ्या जमिनीचा हरभरा, एका पातेल्यात. सासऱ्यांचं ते वाक्य कोणी शिजवून दाखवावं तसा.

सासूबाईंनी तांदळाची पिशवी पाहिली आणि म्हणाल्या, “नव्या तांदराचा गोराभात? गिचका होते, बाई.” नवा तांदूळ चिकट होतो, मला माहीत होतं. पण नवं धान्य म्हणून तर हा घाट घातलेला, जुना तांदूळ कसा घेणार? पाणी नेहमीइतकंच घातलं. व्हायचं तेच झालं. झाकण उघडलं तेव्हा गोळे भाताच्या लगद्यात अर्धे बुडालेले, पोळ्याच्या दिवशी चिखलात बसलेल्या म्हशींसारखे. दुसऱ्यांदा सासूबाईंनी केला. पाणी बोटाच्या पेराने मोजलं, तांदूळ आधी कोरडाच जरा परतला, आणि तो सुटा झाला. पहिल्या भाताचं काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. दुपारी त्यात दही घालून मी एकटीने संपवला.

खरा गोंधळ मात्र फोडणीचा. सोयाबीनची पिशवी बाद झाल्यापासून मी जवसाच्या तेलावर डोळा ठेवून होते. आमच्या भागात जवस जुना. सासूबाईंच्या घरी जवसाचंच तेल खात. शहरात आता लाकडी घाण्याची दुकानं गल्लोगल्ली झाली आहेत, तिथून ताजं काढून आणलं होतं. कढईत घेतलं, मोहरी तडतडायची वाट पाहिली आणि धूर निघाला. धूर कसला, वास. आधी सुतारकाम चाललंय असं वाटलं, मग नवीन रंगवलेलं दार. मुलगा वरून धावत आला आणि म्हणाला, “माझ्या बॅटला कोण तेल लावतंय?” त्याचं बरोबर होतं. क्रिकेटच्या बॅटला लावतात ते हेच जवसाचं तेल, रंगात मिसळतात तेही हेच. हवेत ठेवलं की घट्ट होत जातं, फार तापवलं की बिघडतं. सासूबाई सोफ्यावरून उठल्यासुद्धा नाहीत. “इतकं तापवतेत का ते? आमी त वरून घेत होतो, कच्चं,” एवढंच. हे आधी सांगायला काय झालं होतं, असं मी म्हणाले नाही. सून आहे मी.

शेवटी फोडणी फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलाची. हेही घाण्यावरचंच, पण फल्ली कुठली हे विचारायचं मी मुद्दाम टाळलं. जवसाचं तेल चटणीवर घेतलं. भाजलेले जवस, लाल मिरची, लसूण, मीठ, आणि वरून चमचाभर कच्चं तेल. गरम भाकरीशी हे इतकं जमतं, की सकाळची सुतारशाळा मी माफ केली.

सांबारवडीत सुकं खोबरं आणि खसखस घालतात. दोन्ही नियमाबाहेर. खोबऱ्याऐवजी तीळ (म्हणजे परत गुजरात), खसखशीऐवजी जंगलातली चारोळी. वडी चांगली झाली. तशी ती कशानेही चांगलीच होते; जानेवारीतला सांबार आणि बेसनाचं पातळ कवच असलं की आत काय आहे यावर फार अवलंबून नसतं. पण खोबरं नाही हे आईने पहिल्याच घासाला ओळखलं. तिच्या काटोलला नारळाचं झाड नाही, कधी नव्हतं, आणि तरी सांबारवडी खोबऱ्याशिवाय तिला परकी वाटते. मिरचीचंही तसंच. पोर्तुगिजांच्या गलबतांतून आलेली ही परदेशी बाई भिवापूरला इतकी रुळली, की तिच्यावाचून आमचं तिखट नाही. मुलाने वहीत दोन रकाने केले होते, ‘इथलं’ आणि ‘बाहेरचं’. हिंग, मीठ, मोहरी, खोबरं, चहा असं तो लिहीत गेला. मिरचीपाशी येऊन बराच वेळ पेन चावत बसला आणि शेवटी दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवरच तिचं नाव लिहिलं.

जेवायला साडेतीन वाजले. खाली सतरंजी टाकून बसलो, कारण टेबलावर एवढं सगळं मावेना. आईने आधी भाकर घेतली, सासूबाईंनी आधी भात. तीस वर्षं अमेरिकेत राहूनही दोघींनी तेच केलं असतं. सोल्यांच्या रश्शावर सगळे तुटून पडले. घोळाणा, म्हणजे कोवळा पाला, चिरलेला कांदा, तिखट, मीठ आणि कच्चं तेल, मी थोडाच केला होता आणि तो पहिल्या पाच मिनिटांत संपला. गूळपोळ्या काळ्या दिसत होत्या, त्या कोणी वाईट म्हटल्या नाहीत, चांगल्याही म्हटल्या नाहीत, पण उरल्या दोनच.

मधेच पाहिलं तर आईच्या ताटात लाखोरीची भाजी. दुसऱ्यांदा घेतलेली. ती खाली मान घालून जेवत होती. सासूबाईंनी पाहिलं, वाडगं तिच्याकडे जरा सरकवलं आणि म्हणाल्या, “घ्या इहीनबाई, जनावरं जेवली.”

आई इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि पाणी आणायला मला उठावं लागलं.

जवसाचं तेल अर्धी बाटली उरलं होतं. ते फार दिवस टिकत नाही, कडवट होतं. संध्याकाळी मुलगा अंगणात बॅट मांडीवर घेऊन फडक्याने ते तिला चोळत बसला. सासूबाई दारातून बराच वेळ पाहत होत्या. लाकडाला चांगलं खायचं तेल पाजणारं पोर त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. “पुरे कर आता,” त्या म्हणाल्या, “उद्याच्या चटनीले ठेव.”